तोंडी आदेशाचा माणूस : वुल्झीच्या मागावर सहा दिवस

लेकीकडे, लंडनजवळच्या सर्बिटनला जायची ही आमची तिसरी खेप. मेणाचे पुतळे, मोठं घड्याळ, राजवाड्यासमोरची पहारा-बदली हे सगळं आधीच्या दोन खेपांत उरकलेलं. "आता काय राहिलंय गं आई बघायचं?" लेकीने विचारलं. मी म्हटलं, "वुल्झी." जावयांनी लॅपटॉपमधून मान वर काढली. "ते मोजे-बनियनवाले?"

बनियनवाले नव्हेत. थॉमस वुल्झी. इप्सविचच्या खाटकाचा मुलगा. पंधराव्या वर्षी ऑक्सफर्डचा पदवीधर, मग पाद्री, मग आठव्या हेन्रीचा उजवा हात. १५१४ मध्ये यॉर्कचा आर्चबिशप, १५१५ मध्ये कार्डिनल (पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) आणि त्याच वर्षी लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा मुख्य मंत्री. पुढची चौदा वर्षं इंग्लंडचं तह, कर, खटले, नेमणुका असं सगळं याच्या हातून. १५२९ मध्ये पडला आणि १५३० मध्ये वाटेतच गेला.

मी इतिहासाची बाई नाही. जिल्ह्याच्या एका कचेरीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा भांडार शाखेत. साहेब बदलले की चार्ज देण्याघेण्याच्या याद्या मी करायची. कपाटं, खुर्च्या, किल्ल्यांचे जुडगे, भिंतीवरचं घड्याळ. कुठला साहेब सन्मानाने चाललाय आणि कुठल्याला घालवलंय, हे मला यादी करतानाच कळायचं. मध्यंतरी वाचनात आलं की वुल्झीने पायउतार होताना आपली सगळी चीजवस्तू टेबलांवर मांडून, वजनासकट लिहून राजाच्या माणसांच्या हवाली केली. तेव्हाच मनात घेतलं, या गृहस्थांच्या गावी एकदा जाऊन यायचं.

पहिला दिवस : हॅम्प्टन कोर्ट

सर्बिटनहून दोन स्टेशनं. स्टेशनातून बाहेर पडून पूल ओलांडला की लाल विटांचा वाडा समोर. ऑक्टोबरची सकाळ, नदीवर धुकं, आणि आमच्या ह्यांच्या खांद्याला चहाचा थर्मास. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस थर्मासशिवाय फाटक ओलांडत नाही.

वुल्झीने ही जागा १५१४ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली आणि लगेच बांधकाम काढलं. पहिल्या मोठ्या चौकात तिन्ही बाजूंनी पाहुण्यांच्या खोल्या, चाळीसेक. "ही तर चाळ झाली," हे म्हणाले. दिसते तशीच, पण प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचा शौचकूप होता. सोळाव्या शतकात ही श्रीमंतीची कमाल होती. दरवाजांच्या वर मातीचे भाजलेले गोल, त्यांत रोमन सम्राटांचे मुखवटे. इटलीच्या जोव्हानी दा मायानोकडून १५२१ मध्ये करवून घेतलेले. खाटकाच्या पोराच्या दारावर सीझर!

पुढच्या चौकात मात्र मी बराच वेळ उभी राहिले. वर हेन्रीने १५४० मध्ये बसवलेलं घड्याळ. त्यात तास, महिना, चंद्राची कला, लंडन पुलापाशी भरती केव्हा येणार तेही. सूर्य अर्थातच पृथ्वीभोवती फिरतो. आणि त्या घड्याळाखाली वुल्झीचं चिन्ह, वर कार्डिनलची टोपी आणि ब्रीद : देव माझा पाठीराखा. तिथल्या पहारेकरी बाई माझं वर बघणं बघून जवळ आल्या. म्हणाल्या, "लोक विचारतात हेन्रीची खोली कुठे, राण्यांचं भूत कुठल्या गॅलरीत दिसतं. ह्याच्यासाठी कुणी थांबत नाही."

एक कथा सांगतात. राजाने विचारलं, प्रजेतल्या माणसाला एवढा मोठा वाडा कशाला? वुल्झी म्हणाला, आपल्याला नजर करायला. खरं-खोटं कोण जाणे. पण १५२० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाडा राजाकडे गेला हे खरं. हाती सत्ता असतानाच द्यावा लागला. मला तिथेच पहिली पाल चुकचुकली. दिलेलं घर देणाऱ्याला वाचवत नाही, याचे दाखले आमच्या कचेरीतही होते.

*जाताना :* तिकीट आधी ऑनलाइन काढा. हिवाळ्यात वाडा रोज उघडा नसतो, तारीख तपासा. स्वयंपाकघरांना किमान तास द्या, चुलाणी बघण्यासारखी आहेत. बागेतली द्राक्षाची वेल अडीचशे वर्षांहून जुनी आहे.

दुसरा दिवस : व्हाइटहॉल ते पुटनी, नदीतून

या दिवसाची मी सगळ्यात जास्त वाट बघत होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. हेन्रीला कॅथरीन राणी नको होती, अ‍ॅन बोलिन हवी होती. लग्न रद्द व्हायला पोपची मोहर लागते, आणि ती आणून देणं वुल्झीचं काम. पण १५२७ मध्ये सम्राट चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं होतं, पोप त्याच्या मुठीत होता, आणि चार्ल्स म्हणजे कॅथरीनचा सख्खा भाचा. मावशीला टाकून द्यायची परवानगी भाचा कशी मिळू देईल? १५२९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात खटला उभा राहिला. कॅथरीन राजापुढे गुडघे टेकून बोलली, उठली आणि पुन्हा न येण्यासाठी निघून गेली. रोमहून न्यायाधीश म्हणून आलेल्या कॅम्पेजिओने जुलैअखेर कोर्टाला सुट्टी दिली. निकाल लागलाच नाही. वुल्झीचा निकाल मात्र लागला.

ब्लॅकफ्रायर्सला आता मठ नाही. स्टेशनसमोर त्याच नावाचा दारूचा गुत्ता आहे, आत संगमरवर आणि ढेरपोट्या साधूंची चित्रं. आम्ही मटाराची भाजी आणि बटाट्याचे काप घेतले. (मटार उकडून ठेचलेले. मीठ मागून घ्यावं लागलं.)

व्हाइटहॉलला वुल्झीचा लंडनमधला वाडा होता, यॉर्क प्लेस. आज तिथे संरक्षण मंत्रालय. त्याच्या पोटात जुनं दारूचं तळघर शाबूत आहे, पण आपल्याला कोण सोडतंय. मागच्या बाजूला, नदीच्या दिशेने, बागेच्या कडेला जुन्या घाटाच्या पायऱ्या दिसतात. त्या १६९१ च्या, वुल्झीच्या कितीतरी नंतरच्या. तरी पाणी पूर्वी कुठवर यायचं हे कळतं. मी तिथल्या बाकावर बसले आणि ह्यांना गोष्ट सांगितली.

ऑक्टोबर १५२९. नॉर्फक आणि सफक हे दोन ड्यूक यॉर्क प्लेसला आले. म्हणाले, राजमुद्रा द्या आणि एशरच्या घरी जाऊन राहा. वुल्झीने विचारलं, "आदेश कुठे आहे?" ते म्हणाले, राजाने तोंडी सांगितलंय. वुल्झी म्हणाला, ही मुद्रा मला राजाने स्वतःच्या हाताने दिली, तोंडी निरोपावर मी ती सोडणार नाही. बरीच बाचाबाची झाली. ड्यूक हात हलवत परत गेले आणि दुसऱ्या दिवशी राजाचं पत्र घेऊन आले. मग मुद्रा दिली.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. संध्याकाळी सात वाजता एक वरिष्ठ आले. म्हणाले, "साहेबांची बदली झाली, कपाट उघडा, फायली द्या." मी म्हटलं, "लेखी द्या, सर." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू टेबलच बोललं. शेवटी सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून त्यावर दोन ओळी आणि सही. तो पुठ्ठा मी रजिस्टरला टाचून ठेवला. सहा महिन्यांनी चौकशी लागली तेव्हा त्या पुठ्ठ्याने माझी नोकरी राखली.

वुल्झीला दुसऱ्या दिवशी कागद मिळाला, पण त्याला कागदाने राखलं नाही. त्याच्यावरचा आरोप असा की इंग्लंडच्या हद्दीत त्याने पोपचा प्रतिनिधी म्हणून अधिकार चालवला. आता हा अधिकार त्याने राजाच्या डोळ्यांदेखत, राजाच्याच कामासाठी चालवला होता! आपल्याकडे राजाच्या सहीशिक्क्याचं परवानगीपत्र आहे असं तो सांगत होता. पण ते पत्र होतं जप्त झालेल्या पेटीत, म्हणजे राजाकडेच. त्याने गुन्हा कबूल करून टाकला.

आणि मग ती यादी. जॉर्ज कॅव्हेंडिश नावाचा त्याचा खासगीतला माणूस शेवटपर्यंत सोबत होता, त्याने हे सगळं लिहून ठेवलंय. लांब दालनात टेबलं मांडलेली. त्यांवर रेशीम, मखमल, तलम कापडाचे हजार ठाण. पुढच्या खोल्यांत सोन्याचांदीची भांडी, आणि त्यांच्याशेजारी वह्या, त्यांत नग आणि वजन. माझ्या बारा वर्षांच्या भांडारात इतकी नीट चार्ज यादी मी एकदाही पाहिली नाही. काम संपल्यावर त्याचा खजिनदार कळवळून म्हणाला, आता तुम्हाला थेट टॉवरमध्ये, लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, नेणार असं ऐकतो. वुल्झी त्याच्यावर उखडला. निघतानासुद्धा हाताखालच्याला झापायची सवय गेली नव्हती.

साडेपाचला आम्ही एम्बँकमेंटच्या धक्क्यावरून पुटनीची बोट पकडली. वुल्झीही इथूनच नावेत बसला. नदीभर होड्या होत्या, लोक मजा बघायला जमलेले. नाव डावीकडे टॉवरकडे वळणार अशी त्यांची खात्री. ती उजवीकडे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळली आणि लोकांचा विरस झाला. आमच्या बोटीत नोकरीवरून परतणारे लोक, कानात गाणी, हातात बियरचे डबे. बॅटरसीचं जुनं वीजघर मागे गेलं तेव्हा ऊन विटकरी झालं होतं. आमच्या ह्यांनी उरलेला चहा काढला आणि शेजारच्या टायवाल्या मुलालाही झाकणात ओतून दिला. त्याने घेतला, याचंच मला नवल!

पुटनीला ओहोटी होती. पुलाखाली नुसता चिखल, त्यात बदकांची पावलं. मला चिखलच बघायचा होता. वुल्झी इथे उतरून खेचरावर बसला. टेकडी चढताना मागून राजाचा माणूस, हेन्री नॉरिस, घोडा फेकत आला. राजाने स्वतःची अंगठी पाठवली होती. घाबरू नकोस, माझी मर्जी आहे. वुल्झी खेचरावरून उतरला तो थेट चिखलात गुडघ्यांवर. डोक्यावरची टोपी काढायला गेला, गाठ सुटेना, तर बंद तोडून टाकले. नॉरिसला गळ्यातली साखळी दिली. राजाला द्यायला काहीच उरलं नव्हतं. मग आपला विदूषक, पॅच, राजाला भेट म्हणून पाठवला. तो बिचारा जायला तयार नाही, सहा धट्टेकट्टे शिपाई लागले त्याला ओढून न्यायला.

राजाने अंगठी पाठवली, निरोप तोंडी. मागे घ्यायला सोपं.

*जाताना :* ही बोट फक्त कामाच्या दिवशी आणि नोकरदारांच्या वेळेला असते, वेळापत्रक बघून जा. बँकेचं कार्ड टेकवून चालतं. वरच्या हवेला शाल असू द्या. एशरचा जुना मनोरा उभा आहे, पण ते खासगी घर आहे, त्यामुळे आम्ही गेलो नाही. वुल्झी तिथे गेला तेव्हा खाटा, चादरी, टेबलावरचं कापड, पेलेसुद्धा नव्हते. उसने आणावे लागले.

तिसरा दिवस : इप्सविच

लिव्हरपूल स्ट्रीटवरून सव्वा तासाचा प्रवास, दोन्ही बाजूंना सपाट शेतं. सोबत लेकीने दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. डब्यात चटणीचा डबा उघडल्यावर समोरच्या बाईंनी खिडकीकडे तोंड केलं, मग पाच मिनिटांनी "हे काय आहे?" म्हणून विचारलं आणि चाखून डोळ्यांत पाणी आणलं. तिथून इप्सविचपर्यंत त्यांनी आम्हाला त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा सांगितली.

वुल्झीचा पुतळा सेंट पीटर्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, २०११ मध्ये बसवलेला. खुर्चीत बसलेला, हातात पुस्तक, एक हात पुढे केलेला. खुर्चीमागून मांजर डोकावतं. शाळकरी पोरं मांजराच्या डोक्यावरून हात फिरवून जातात, साहेबांकडे बघत नाहीत. बापाचं घर आणि दुकान याच परिसरात.

त्याचा दरवाजा बघायला बंदराकडे चालत गेलो. १५२८ मध्ये त्याने आपल्या गावात मोठी शाळा काढली. पैसा कुठून? लहान लहान मठ बंद करून. ऑक्सफर्डचं कॉलेज आणि ही शाळा, दोन्हींसाठी. (मठ बंद करायचं काम ज्या होतकरू वकिलाने केलं त्याचं नाव थॉमस क्रॉमवेल. पुढे याने सगळेच मठ बंद केले, आणि १५४० मध्ये स्वतः टॉवर हिलवर डोकं गमावलं.) वुल्झी पडला आणि शाळा काढल्यापासून दोन-अडीच वर्षांतच मोडली. दगड राजाच्या बांधकामासाठी लंडनला नेले. राहिला हा एक विटांचा दरवाजा, माणसाच्या डोक्यापेक्षा थोडा उंच, गाड्यांच्या धुराने काळवंडलेला, विटांचा भुगा होत चाललेला. वाहतूक एवढी की समोरून फोटो काढायला सिग्नल लाल व्हायची वाट बघावी लागते. वर चिन्ह आहे ते राजाचं. आपल्या गावातल्या आपल्या शाळेच्या दारावरही धन्याचा शिक्का!

"राजाने मोडली, आणि वर नाव राजाचंच राहिलं?" हे म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच दरवाजा राहिला असेल."

चौथा दिवस : ऑक्सफर्ड, फार काही नाही

पावसाने दिवस खाल्ला. क्राइस्ट चर्च कॉलेज म्हणजे मूळचं वुल्झीचं कार्डिनल कॉलेज, १५२५. मोठ्या चौकाच्या भिंतींना चारी बाजूंनी कमानींचे नुसते बुडखे दिसतात. चौकाभोवती कमानींचा ओटा बांधायचा होता, राहून गेला. पाचशे वर्षं कुणी पुरा केला नाही आणि कुणी खरवडूनही काढला नाही. हे मला फार आवडलं. बाकी सगळी गर्दी जादूगार पोराच्या सिनेमाचं भोजनगृह बघायला. रात्री ९.०५ ला इथली घंटा १०१ ठोके देते म्हणतात. आम्ही सात वाजता घरी होतो, पाय कोमट पाण्यात.

पाचवा दिवस : कावूड

लंडनहून यॉर्क दोन तास, तिथून बसने कावूड. गाव ऊझ नदीकाठी, यॉर्कच्या दक्षिणेला १६ किलोमीटरवर. नदीवर बाजूला फिरणारा लोखंडी पूल आहे. पूल बघून आमचे हे एसटीच्या जॅकवर अर्धा तास बोलले.

आर्चबिशप झाल्यापासून सोळा वर्षांत वुल्झी यॉर्कला फिरकलाच नव्हता. १५३० च्या वसंतात राजाने थोडी मर्जी दाखवली, आर्चबिशपपद परत दिलं आणि उत्तरेला जा म्हणून सांगितलं. तो पीटरबरो, साउथवेल करत शरद ऋतूत इथे पोचला. आजूबाजूचे लोक त्याला भेटायला येत, तो भांडणं मिटवून देई, मुलांना आशीर्वाद देई. पहिल्यांदाच पाद्र्यासारखा वागत होता बहुतेक. यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये गादीवर बसायचा समारंभ सोमवार, ७ नोव्हेंबरला ठरला. पण रोमला, फ्रान्सला गुपचूप पत्रंही चालू होती. निवृत्त झालो तरी कचेरीत डोकावायची सवय जात नाही, तसं.

वाड्यातला दगडी देवडीचा भाग उरलाय. आता एक न्यास तो सुट्टीत राहायला भाड्याने देतो, म्हणजे पैसे भरले तर वुल्झीच्या दारात झोपता येतं. आम्ही खालच्या कमानीतून पलीकडच्या मैदानात गेलो. गवत, बाभळीसारखी काटेरी झुडपं, एक कुत्रा. पावसाची झिमझिम.

इथेच जेवणाच्या टेबलावर एक अपशकुन झाला होता. भिंतीला टेकवलेला चांदीचा क्रूस वुल्झीच्या वैद्याच्या झग्याचा धक्का लागून पडला तो एडमंड बॉनर या पाद्र्याच्या डोक्यावर. वुल्झीने विचारलं, रक्त आलं का? आलं, म्हणाले. तो उठून आत गेला.

शुक्रवार, ४ नोव्हेंबर. जेवण उरकत आलेलं. नॉर्दम्बरलंडचा अर्ल हेन्री पर्सी माणसं घेऊन आला. हा पोरगा पूर्वी वुल्झीच्याच घरात वाढलेला, आणि त्याचं अ‍ॅन बोलिनवर मन होतं तेव्हा वुल्झीनेच त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेऊन ते मोडलं होतं. अर्लने देवडीवाल्याकडे किल्ल्या मागितल्या. देवडीवाल्याने दिल्या नाहीत. ज्यांचा चाकर त्यांच्याशिवाय कुणाला देणार नाही, म्हणाला. (या नाव नसलेल्या माणसाला माझा नमस्कार.) वुल्झीला काहीच कल्पना नाही. आधी कळवलं असतं तर चांगलं जेवण केलं असतं, असं म्हणत त्याने अर्लचा हात धरून त्याला शेकोटीपाशी नेलं. तिथे अर्लने थरथरत, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात दंडावर हात ठेवून सांगितलं, राजद्रोहाबद्दल मी तुम्हाला अटक करतो.

वुल्झी काय म्हणाला असेल? तेच. "आदेश दाखवा." अर्ल दाखवेना. म्हणाला, दाखवता येणार नाही. वुल्झी म्हणाला, मग मी अटक मानत नाही. वाद चालू असतानाच सोबत आलेला वॉल्टर वॉल्श आत आला. हा राजाच्या खासगीतला. वुल्झीने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, तू राजाच्या महालातला आहेस, तुझा तोंडी शब्द मला पुरे. आणि स्वाधीन झाला.

मी त्या गवतात उभी राहून याच वाक्यापाशी अडकले होते. वर्षापूर्वी दोन ड्यूकना रिकाम्या हाती परत पाठवणारा माणूस. मला वाटतं, तो थकला होता. किंवा असंही असेल, की आयुष्यभर तो राजाच्या तोंडच्या शब्दावरच जगला होता. राजा बोलला की झालं, हे त्याने स्वतःच देशाला शिकवलं होतं. शेवटी त्यालाही नाही म्हणता येईना.

परतीची बस आलीच नाही. थांब्यावर वेळ लिहिलेली, गाडीचा पत्ता नाही. पाऊण तास भिजल्यावर समोरच्या घरातल्या आजींनी दार उघडून हाक मारली. आत शेगडी, मांजर आणि पार्किन नावाचा केक. ओटचं पीठ, काकवीसारखा काळा पाक आणि भरपूर आलं. नोव्हेंबरच्या होळीला करतात, त्यांनी आधीच करून मुरत ठेवला होता. ह्यांनी दुसरा तुकडा मागून घेतला आणि म्हणाले, "अगं, ही तर सुंठीची वडी." आजींना वुल्झीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे फार दिवस नव्हता तो." शेजारच्याच घरातली बातमी सांगावी तशा.

*जाताना :* बसच्या फेऱ्या मोजक्या, शेवटची कुठली ते ड्रायव्हरला विचारून ठेवा. टॅक्सीचा नंबर खिशात हवा. पार्किन मिळालं तर घ्या, आठवडाभर टिकतं.

सहावा दिवस : लेस्टर

यॉर्कहून शेफील्डला गाडी बदलून लेस्टर. वुल्झीलाही याच दिशेने आणलं. पाँटफ्रॅक्ट, डाँकास्टर, मग शेफील्डला अर्ल ऑफ श्रूजबरीच्या घरी दोन-अडीच आठवडे. तिथे पोट बिघडलं ते थांबेना. टॉवरचा अधिकारी सर विल्यम किंग्स्टन २४ शिपाई घेऊन न्यायला आला. किंग्स्टन हे नाव ऐकूनच तो मांडीवर थापटी मारून सुस्कारला म्हणतात. नॉटिंगहॅम करत २६ नोव्हेंबरला रात्री लेस्टरच्या मठात. मठाधिपती मशाली घेऊन सामोरा आला. वुल्झी म्हणाला, बाबा, माझी हाडं तुमच्याकडे ठेवायला आलोय.

त्याला तीन आठवडे लागले. आम्हाला गाडी बदलून अडीच-तीन तास, मधे कॉफी.

अ‍ॅबी पार्क सोअर नदीकाठची मोठी बाग. पानं पिवळी, माळी ती गोळा करतायत, पोरं सायकलवर. मठ १५३८ मध्ये मोडला, आता गवतात पायाच्या रेषा तेवढ्या दगडांनी दाखवल्यात. आमचे हे त्या रेषांवरून चालत खोल्या मोजत होते, "हे स्वयंपाकघर, हा चौक." चर्चच्या जागी वुल्झीच्या नावाची शिळा आहे. खाली तो नाही. कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. याच गावात तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये मोटारी लावायच्या जागेखाली सापडला आणि २०१५ मध्ये थाटाने कॅथीड्रलमध्ये ठेवला. राजा सापडला. मंत्री नाही.

शिळेपाशी मला त्या पंधराशे पौंडांची आठवण आली. वुल्झी अंथरुणाला खिळलेला, आणि किंग्स्टन राजाचा निरोप घेऊन बसलेला : कावूडला तुझ्याकडे पंधराशे पौंड होते, ते कुठेत? वुल्झी म्हणाला, ते उसने घेतलेत, मला पुरायला आणि चाकरांना द्यायला. मरणाच्या आदल्या दिवशीची वसुली. २९ तारखेला सकाळी घड्याळात आठ वाजताना गेला. त्याआधी किंग्स्टनला म्हणाला होता, राजाची केली तितक्या मनाने देवाची चाकरी केली असती तर म्हातारपणी त्याने मला असं टाकलं नसतं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मला मात्र वसुलीच जास्त लक्षात राहिली. नंतर कॅव्हेंडिश हॅम्प्टन कोर्टला राजापुढे उभा राहिला तेव्हा राजा म्हणाला, तो जगता तर मी वीस हजार पौंड दिले असते. आणि लगेच पुढचा प्रश्न, ते पंधराशे कुठेत?

बागेतल्या कॅफेजवळ वुल्झीचा पुतळा उभा आहे. तो मोजे-बनियनच्या कंपनीकडून आलेला. लेस्टरच्या होजिअरीवाल्यांनी नाव त्याचंच घेतलं होतं. मी लगेच जावयांना फोटो पाठवला. "बरोबर होतं तुमचं."

तिथून चालत बेलग्रेव्ह रोड. दिवाळी आठवड्यावर, रस्ताभर दिव्यांच्या माळा, साड्यांची दुकानं, फाफडा-जिलेबीचा वास. सहा दिवस इंग्रजी बोलून जीभ आखडली होती, ती गुजराती दुकानदाराशी हिंदी-मराठी मिसळून बोलताना सुटली. भाजणी मिळाली. बेसनाचे लाडू घेतले. ह्यांनी भर थंडीत फुटपाथवर उभं राहून पाणीपुरी खाल्ली आणि सुकी मागितली.

परतल्यावर : सेंट पॉल्सचं तळघर

हे सहा दिवसांत धरलेलं नाही, पण सांगायला हवं. वुल्झीने जिवंतपणीच स्वतःसाठी कबर करायला घेतली होती, इटलीच्या बेनेदेत्तो दा रोव्हेझानोकडून. चार कोपऱ्यांना काशाचे चार देवदूत. ते देवदूत शतकानुशतकं हरवले होते. त्यांतले दोन एका गोल्फ क्लबच्या फाटकाच्या खांबांवर सापडले. २०१५ मध्ये चारही व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने घेतले. कबरीची काळ्या संगमरवराची पेटी हेन्रीने स्वतःसाठी ठेवून घेतली. तोही त्यात झोपला नाही, तो विंडसरला साध्या फरशीखाली आहे. पेटी पडून राहिली आणि जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी आरमाराच्या सेनापतीला, नेल्सनला दिली.

सेंट पॉल्सच्या तळघरात घुमटाच्या बरोबर खाली ती उंच ओट्यावर आहे. काळी, गुळगुळीत, वर नेल्सनच्या हुद्द्याचा मुकुट. भोवती शाळेची पोरं, बाई त्यांना ट्रफल्गरची लढाई सांगतायत.

आमच्या ह्यांनी पेटीला एक फेरी मारली. सांधे बघितले, एसटीतल्यासारखे, वाकून. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हणजे पेटी वर्ग केली म्हणायची."

"वर्ग नाही हो," मी म्हटलं. "वर्ग करायला देणाऱ्याची सही लागते."